कळफलकाला हात किती?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



साताऱ्याहून सांगलीला आलो म्हणजे परक्या जिल्ह्यात आलो, असं मला कधी वाटत नाही. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि इथली संस्थानं मिळून १९४९ साली जो जिल्हा झाला, त्याचं नावच 'दक्षिण सातारा' होतं. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. तेव्हा घरच्याच माणसांशी बोलतोय असं समजून बोलतो.

येताना पिशवीतून एक वस्तू आणली आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसावी म्हणून उंच धरतो. कळफलकाचा अर्धा तुकडा मोडून आणावा तशी दिसते. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच, अशा वीस कळा. खाली मनगट टेकवायला उशी. बाजूला अंगठ्यासाठी एक छोटी दांडी आणि बटणं. ही निव्वळ डाव्या हाताची वस्तू आहे. उजव्या हातात माउस असणार, असं धरूनच ती बनवलेली. बाजारात हिला गेमिंग कीपॅड म्हणतात. पोरं यावर बोटं ठेवून पडद्यावरच्या लढाया करतात. मी गेले सात महिने यावर मराठी लिहितोय. आजच्या भाषणाची टिपणंसुद्धा यावरच लिहिली.

कारण साधं आहे. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटांत पूर्वीचा जोर काही आला नाही. डाव्या हातानं मोठा कळफलक बडवत बसायचो. हात सारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा आणि खांदा भरून यायचा. भाच्यानं आपल्या टेबलावरून ही वस्तू उचलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "मामा, हे वापरून बघा. मी आता खेळत नाही फारसा."

पण आजचा विषय माझं मनगट नाही. विषय आहे तो एका समजुतीचा इतिहास. कळफलकावर लिहायचं म्हणजे दोन हात पाहिजेत, ही ती समजूत. ती कुठून आली, किती जुनी आहे, आणि तिच्यामुळे कुणाचं काय गेलं, हे मला सांगायचं आहे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात माझाही वाटा आहे. तोही सांगणार आहे.

एका हाताची शतकं

माणसानं लिहिलं ते एका हातानं. ही गोष्ट इतकी उघड आहे की आपण ती विसरतो. आपल्याकडचा कारकून घ्या. मांडी घालून बसलाय, गुडघ्यावर कागद आहे, हातात तासलेला बोरू आहे. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचा, होता होईल तो हात न उचलता. डावा हात कागद धरायला. लिहिणारा हात एकच. साताऱ्याच्या गादीचा सगळा कारभार, पटवर्धनांच्या संस्थानांची दप्तरं, हिशेब, फडनिशी, सगळं एकेका हातानं लिहिलेलं आहे. त्या काळी कुणी असं म्हटलं नाही की कारकुनीला दोन हात लागतात.

पुढे छपाई आली. तिची एक खूण इथे जवळच आहे. नाना फडणविसांच्या काळात पुण्याला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं कोरण्याचा उद्योग सुरू झाला होता. नाना गेल्यावर तो कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. त्यानंतर खिळ्यांची छपाई रुळली. ज्यांनी छापखाना पाहिलाय त्यांना आठवेल, जुळारी डाव्या हातात स्टिक धरायचा आणि उजव्या हातानं खणांतून एकेक खिळा उचलून त्यात बसवायचा. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खण लागायचे. तरी वेचणारा हात एकच होता.

आणि तार? तारबाबूसमोर तर एकच कळ असायची. कट्ट आणि कडकट्ट, एवढ्या दोन आवाजांवर जगभरचे निरोप जायचे. एका हातानं कळ, दुसरा हात मोकळा. रेल्वेच्या लहानशा स्टेशनावरसुद्धा हे चालायचं. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. म्हणजे एका हाताचं, एका कळेचं ते लेखन आपल्यातल्या बहुतेकांच्या हयातीत चालू होतं.

दहा बोटं कधी आली

आता टंकयंत्राकडे येऊ. अमेरिकेत मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या साथीदारांनी बनवलेलं यंत्र रेमिंग्टन कंपनीनं १८७४ साली बाजारात आणलं. रेमिंग्टन ही बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणारी कंपनी. आज आपल्या संगणकावर जी क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय अशी ओळ आहे ती त्या यंत्रापासूनची.

मात्र लोकांनी ते यंत्र घेतलं आणि लगेच दहा बोटांनी वाजवायला सुरुवात केली, असं झालेलं नाही. बरेच जण दोन-चार बोटांनी, खाली बघून टंकायचे. १८८१ साली अमेरिकेत हॉल नावाचं एक यंत्र निघालं. त्याला कळाच नव्हत्या. अक्षरांच्या तक्त्यावर एका हातानं टोक टेकवायचं, दाबायचं, की अक्षर उठायचं. यंत्र लहान होतं, स्वस्त होतं आणि एका हातानं चालत होतं. म्हणजे टंकयंत्राचा जन्म दोन हातांच्या अटीवर झालेला नाही.

अट आली ती शिकवणीतून. १८८२ साली सिनसिनाटीच्या श्रीमती लाँगली यांनी सगळी बोटं वापरायची पद्धत पुस्तकात मांडली. १८८८ च्या जुलैमध्ये त्याच शहरात एक स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन नावाचा न्यायालयातला लघुलेखक कळांकडे न बघता दहा बोटांनी टंकला आणि जिंकला. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. कचेऱ्यांना वेग हवा होता, शाळांना शिकवायला ठरावीक पद्धत हवी होती. तिथून पुढे दहा बोटं हीच खरी रीत, बाकी सगळी अडाणी, असं ठरून गेलं. हिशेब केला तर ही सगळी गोष्ट दीडशे वर्षांच्या आतली आहे.

आपल्याकडे देवनागरी टंकयंत्र आलं तेव्हा अडचण आणखी वाढली. यंत्रावर पन्नासच्या आत कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हं. त्यात अख्खी बाराखडी बसवायची. मग अक्षरं मोडली. ग काढायचा तर अर्धा ग् उठवायचा आणि मागून काना द्यायचा. उकार, रफार यांच्यासाठी अशा कळा की त्या दाबल्यावर गाडा पुढे सरकायचा नाही. इंग्रजीत जिथे एक ठोका, तिथे मराठीत कधी दोन, कधी तीन. शिफ्ट तर सतत. दोन्ही करंगळ्यांचा जीव जायचा.

या यंत्रांचा शेवट आमच्या जिल्ह्यात झाला, हे फार जणांना ठाऊक नसतं. गोदरेजनं पहिलं भारतीय बनावटीचं टंकयंत्र १९५५ साली काढलं. पुढे त्यांचं हे उत्पादन सातारा जिल्ह्यात शिरवळला होत होतं. २००९ साली ते थांबलं, आणि दोन वर्षांनी जगभरच्या वर्तमानपत्रांत टंकयंत्राच्या मृत्युलेखासारख्या बातम्या आल्या. पुण्याहून साताऱ्याला येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागतं. मी त्या रस्त्यानं कितीदा गेलो असेन, पण गाडीतल्या कुणी कधी त्या बाजूला बोट दाखवलं नाही.

तीन दिवसांचा विद्यार्थी

आता माझा वाटा. १९८४ ते ८७ अशी तीन वर्षं मी साताऱ्याच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होतो. कॉलेज सकाळी, इन्स्टिट्यूट संध्याकाळी. त्या काळी मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस ही सर्टिफिकिटं म्हणजे गरीब घरातल्या मुलामुलींची नोकरीची शिडी होती. कारकुनाच्या जागेला ती लागायचीच. शेतीवाडी नाही, वशिला नाही, मग टायपिंग कर, असं प्रत्येक घरात म्हटलं जायचं. लांबच्या खेड्यांतली पोरं एसटीनं येऊन तासभर यंत्र बडवून जायची.

एक दिवस एक मुलगा आला. वय एकोणीस-वीस. मूळचा तासगावकडचा, साताऱ्यात मामाकडे राहायला आलेला. उजवा हात मनगटापासून नव्हता. कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना गेलेला. फी भरायला आला आणि त्यानं विचारलं, "सर, एका हातानं येईल का?"

मी म्हणालो, बसून तर बघ.

तो बसला. आणि मंडळी, मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. डाव्या हाताची पाच बोटं तो यंत्राच्या मधोमध ठेवायचा आणि दोन्हीकडे न्यायचा. शिफ्ट दाबायची वेळ आली की उजव्या हाताचा जो भाग उरला होता, तो उजवीकडच्या शिफ्टवर टेकवायचा. घंटी वाजली की डाव्या हातानं दांडा सरकवून गाडा मागे आणायचा आणि बोटं पुन्हा जागेवर. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीच त्यानं ते स्वतःचं स्वतः बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा कागद मी पाहिला. वेग कमी होता, पण चुका शेजारच्या दोन हातांच्या मुलापेक्षा कमी होत्या.

त्या संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. हे दोन हातांचं काम आहे. परीक्षेत बोटांची पद्धत बघतात. उगाच पैसे घालवू नकोस."

तो "बरं सर" म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून आला नाही. भरलेली फी न्यायलाही आला नाही.

यात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कोणती ते सांगतो. मी ज्या नियमाचा हवाला दिला तो मी कधी वाचलाच नव्हता. तसा नियम आहे का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मला दोन हातांनी शिकवलं गेलं होतं, मी दोन हातांनी शिकवत होतो, म्हणून जग दोन हातांचं आहे असं मी त्याला सांगून टाकलं. सिनसिनाटीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेचा निकाल मी साताऱ्यात त्याच्यावर लादला. मला तेव्हा सिनसिनाटीचं नावही माहीत नव्हतं.

उत्तरं होती, पण लांब होती

पुढे इतिहास शिकवायला लागलो आणि सवयीप्रमाणे या विषयाचंही वाचत गेलो. तेव्हा कळलं की मी त्याला नाही म्हणालो त्या वेळी जगात होय म्हणणारे होते.

ऑगस्ट ड्वोराक या अमेरिकी प्राध्यापकांचं नाव पर्यायी कळफलकामुळे प्रसिद्ध आहे. त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एकाच हातासाठीही कळफलकाच्या रचना केल्या. एक फक्त डाव्या हातासाठी, एक फक्त उजव्या हातासाठी. युद्धात हात गमावून परतलेल्या माणसांचा प्रश्न तिथे समोर होता. या रचनांत यंत्र तेच राहायचं, फक्त अक्षरांच्या जागा बदलायच्या. जास्त लागणारी अक्षरं त्या एका हाताच्या बोटांखाली आणायची.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउसची सार्वजनिक ओळख म्हणून ते गाजलं. त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता, तो सगळ्यांना आठवतो. डाव्या हाताखाली पाच कळांची एक पेटी होती, ती कुणाला आठवत नाही. पेटीच्या पट्टीवर सूर धरतात तशा एकाच वेळी दोन-तीन कळा दाबायच्या. पाच कळांचे असे एकतीस मेळ होतात, म्हणजे इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्यात बसून उरतात. माउस जगभर पसरला. ती पेटी मागे राहिली, कारण ती शिकायला थोडे दिवस द्यावे लागत.

तिसरं उदाहरण मला फार आवडतं. साय एंडफील्ड नावाचे एक चित्रपट दिग्दर्शक होते. अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेले, मग इंग्लंडला आले, तिथे 'झुलू' हा चित्रपट केला. या माणसानं ख्रिस रेनी यांच्या साथीनं मायक्रोरायटर नावाचं सहा बटणांचं यंत्र काढलं. एका हातात मावणारं. १९८० च्या सुमारास ते विकायला आलं. म्हणजे आमचा तो मुलगा साताऱ्यात रेमिंग्टनपुढे बसला होता तेव्हा इंग्लंडमध्ये माणसं एका हातानं लिहीत होती.

चौथं, १९९० च्या दशकातलं. टोरांटोच्या एडगर मटियास यांनी अर्ध्या कळफलकाची कल्पना मांडली. कळफलकाचा अर्धा भागच वापरायचा. अंगठ्यानं स्पेसबार दाबून धरला की डावीकडची कळ उजवीकडच्या तिच्या जोडीदाराचं अक्षर देते, आरशात दिसावं तसं. डाव्या तर्जनीच्या कळेवर उजव्या तर्जनीचं अक्षर. ज्याला दोन हातांचं टंकन येतं त्याला हे लवकर जमतं, कारण कुठलं बोट उचलायचं हे त्याच्या डोक्यात आधीच असतं.

मग ही सगळी यंत्रं गेली कुठे? थोड्या लोकांसाठी थोडी बनली, म्हणून महाग राहिली. महाग राहिली म्हणून थोड्यांनीच घेतली. या चक्रात ती अडकली. ज्यांना खरी गरज होती त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना गरज नव्हती.

खेळाच्या दारानं

हे चक्र तोडलं कुणी? खेळणाऱ्या पोरांनी. हे ऐकून इथल्या आईवडिलांना बरं वाटणार नाही, पण तसंच झालं.

१९९० च्या दशकात संगणकावरचे नेमबाजीचे खेळ असे झाले की उजव्या हातानं माउस फिरवून बघायचं आणि डाव्या हातानं कळा दाबून पळायचं. पळायच्या कळा कुठल्या, याबद्दल ज्याची त्याची पद्धत होती. १९९७ साली डेनिस फाँग या खेळाडूनं 'क्वेक' या खेळाची मोठी स्पर्धा जिंकली. बक्षीस काय, तर खेळ बनवणाऱ्या जॉन कार्मॅक यांची फेरारी गाडी. हा पोरगा डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर बोटं ठेवायचा. त्याचं बघून सगळ्यांनी तेच उचललं.

आता गंमत बघा. डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी वर बसला म्हणजे उजवीकडचा निम्मा कळफलक रिकामा. तो टेबलावर जागा अडवून नुसता पडलेला. मग कुणीतरी म्हटलं, निम्माच विकू या. २००० नंतरच्या काही वर्षांत बेल्किन कंपनीचे नोस्ट्रोमो नावाचे कीपॅड आले, पुढे लॉजिटेकचा जी-१३ आला, रेझरचे आले. कळा ओळीनं न लावता बोटांच्या लांबीप्रमाणे बसवलेल्या, अंगठ्याला स्वतःचं काम दिलेलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुठल्या कळेनं काय करायचं हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. हे खेळासाठी केलं होतं, कारण प्रत्येक खेळाच्या कळा वेगळ्या. पण एकदा कळेचा अर्थ तुमच्या हातात आला की तिथे गोळी झाडायची का काना द्यायचा, हा तुमचा प्रश्न.

गरजेसाठी बनवलेली यंत्रं दुकानापर्यंत आली नाहीत. हौसेसाठी बनवलेलं यंत्र आलं, आणि गरजेच्या माणसाला ते मागच्या दारानं मिळालं.

सातारा कसं लिहितात

आता थोडं प्रत्यक्ष. इथे कुणाला गरज असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ठरवला. आपल्या सगळ्यांच्या संगणकात तो आहे, बहुतेकांनी उघडून बघितलेला नाही. त्याची मांडणी बाराखडीच्या तर्कावर आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म्हणून 'सातारा' हा शब्द इन्स्क्रिप्टवर फार सुरेख लिहिला जातो. उजव्यानं स, डाव्यानं काना, उजव्यानं त, डाव्यानं काना, उजव्यानं र, डाव्यानं काना. फुगडी घालावी तसे हात आलटूनपालटून.

पण एक हात काढून घ्या. डाव्या बाजूला मात्रांखेरीज म, न आणि व एवढीच नेहमीची व्यंजनं आहेत. शिफ्टनं ण मिळतो. म्हणजे निव्वळ डाव्या हातानं मी 'मन', 'नाव', 'नवीन', 'मामा', 'मानव' लिहू शकतो. मानव लिहिता येतो, पण ना सातारा लिहिता येत, ना सांगली.

मग मी मटियास यांची आरशाची युक्ती घेतली. संगणकात इन्स्क्रिप्ट चालू ठेवायचं आणि कीपॅडला फक्त सांगायचं की कुठली कळ पाठवायची. खालच्या पंधरा कळा म्हणजे कळफलकाचा डावा निम्मा भाग. अंगठ्याचं बटण दाबून धरलं की त्याच पंधरा कळा उजवा निम्मा भाग होतात. वेलांटीच्या कळेवर र, पाय मोडायच्या कळेवर क, एका मात्रेच्या कळेवर त. उरलेल्या वरच्या ओळीत शिफ्ट, ड, ट आणि खोडायची कळ. अंगठ्याच्या दांडीवर स्पेस आणि नवी ओळ.

पहिले दोन आठवडे हाल झाले. 'सातारा' लिहायला सहा कळा आणि तीनदा अंगठा. अंगठा सोडायला उशीर झाला की कान्याच्या जागी ग उमटायचा. मग लक्षात आलं, मराठीत बहुतेक अक्षरांत व्यंजन असतं, मात्रा असते किंवा नसते. म्हणजे मी जास्त लागणारी गोष्ट अंगठ्यामागे ठेवली होती. उलटं केलं. व्यंजनं सरळ, मात्रा अंगठ्यानं. अंगठ्याचं काम हलकं झालं. आज माझा वेग मिनिटाला चौदा-पंधरा शब्दांचा आहे. परीक्षेत मी नापास होईन. पण खांदा दुखत नाही, आणि सलग पानभर लिहून होतं.

दोष सांगतो. ही उजव्या हातासाठी क्वचितच मिळते. बाजारात जवळजवळ सगळ्या डाव्या हाताच्या. ज्याचा डावा हात गेलाय त्याला हिचा उपयोग नाही. त्यानं साध्या कळफलकावर मटियास यांची युक्ती आज्ञावलीनं बसवून घ्यावी. दुसरं, हिची मांडणी ज्या आज्ञावलीत करायची ती इंग्रजीत असते आणि खेळणाऱ्यांसाठी असते. मला भाचा होता. प्रत्येकाला भाचा असतोच असं नाही.

सूट आणि सोय

शेवटाकडे येतो. आता कुणी म्हणेल, सर, काळ बदलला. खरं आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी १९९५ साली कायदा झाला, मग २०१६ साली अधिक व्यापक कायदा झाला. नोकऱ्यांच्या याद्यांत 'एक हात बाधित' असा वर्ग असतो. ज्यांना टंकन शक्य नाही अशांना टंकनाच्या अटीतून सूट देण्याचे सरकारी आदेशही आहेत. हे सगळं झालं ते चांगलंच झालं. त्यामागे लोकांचा लढा आहे.

पण सूट आणि सोय यांत मला फरक करावासा वाटतो. सूट म्हणजे तुला हे येणार नाही हे आम्ही मान्य केलं, जा, तुला माफ. सोय म्हणजे तुला हे येईल असं यंत्र आम्ही तुझ्यापुढे ठेवतो, बस. २०१६ च्या कायद्यात वाजवी सोयीची कल्पना आहे. कायद्यात ती आहे, आपल्या डोक्यात अजून सूटच आहे. त्या मुलानं माझ्याकडे सूट मागितली नव्हती. "येईल का" असं त्यानं विचारलं होतं.

माझी मागणी मोठी नाही. साताऱ्या-सांगलीतल्या टायपिंगच्या एखाद्या वर्गानं, एखाद्या वाचनालयानं अशी एक वस्तू घेऊन ठेवावी. आपल्या भागात पॉवर प्रेस आहेत, कडबाकुट्टीची यंत्रं आहेत, उसाचे चरक आहेत. हात जातात. गेलेल्या हाताचा माणूस दारात आला तर त्याला बसवून दाखवता आलं पाहिजे. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी कागद तपासावा. मजकूर बरोबर आहे का, वेळेत झाला का, एवढंच पाहावं. तो किती हातांनी आला, हे कागदावर दिसत नाही. बोरूच्या काळीही दिसत नव्हतं.

तो मुलगा आता साठीला आला असेल. कुठे असेल, काय करत असेल, मला माहीत नाही. त्याचं नाव मला आठवतं, पण ते इथे घेणार नाही. रोज संध्याकाळी ही वस्तू पुढे ओढतो, डावा हात ठेवतो, आणि अंगठ्यानं मात्रा द्यायला लागलो की त्याचा उजवीकडच्या शिफ्टवर टेकवलेला हात आठवतो. चाळीस वर्षं उशिरा का होईना, त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज इथे आलो.

येईल. एका हातानं येईल.

ही वस्तू मी टेबलावर ठेवतो. ज्यांना हात लावून बघायचा आहे त्यांनी जाताना जरूर बघावी.